सेकंदाला पंचवीस की पन्नास?

किस्से साठवायचे म्हटले की साठत नाहीत. दुसऱ्याच्या लग्नाची फिल्म त्याच्याच शेजारी बसून बघावी लागली, की आपोआप साठतात. मला तर रोज बघावी लागते! दुकानात माझं कामच ते आहे.

दुकान भांडुपला, स्टेशनकडून चढावर येताना. पुढे झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, मागे पडद्याआड जुन्या डीव्हीडी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचं काम. दुकान वसंताचं. तो लग्नांचं शूटिंग करायचा आणि मी त्याच्या मागे हॅलोजन धरून उभा असायचो. आता कॅमेरे एवढेसे झाले, त्यांना अंधारातही दिसतं. मग वसंता म्हणाला, "नाना, लाइट ठेव खाली, दुकानात येऊन बस." आलो, बसलो. कॉम्प्युटरवर त्याची मुलगी मेघा असते.

वसंताचा एक नियम आहे. पेनड्राइव्ह न्यायला आलेल्या माणसाने मागच्या बाकावर बसायचं, चहा घ्यायचा आणि आपली फिल्म टीव्हीवर बघायची. "घरी जाऊन शिव्या देऊ नका, काय द्यायच्या त्या इथेच द्या!" आणि शिव्या ऐकायला शेजारी मी.

शिव्या मिळतात त्या बहुतेक रेघांपायी. मेघाने मला एकदा नीट समजावलं. जुन्या कॅमेऱ्यात चित्र एकदम येत नसे. आधी एक सोडून एक ओळी येत, मग क्षणभराने मधल्या ओळी. म्हणजे अर्धं चित्र आधी, अर्धं मागाहून. जुन्या टीव्हीला ते चालायचं. आताच्या स्क्रीनवर दोन्ही अर्धी एकत्र दिसतात आणि मधल्या क्षणात माणूस हलला असेल तर तो अर्धा इथे, अर्धा तिथे. त्याच्या कडांना आडव्या रेघांचे, कंगव्यासारखे दात फुटतात. ते दात काढायचं सेटिंग निवडावं लागतं. अर्धं चित्र टाकून द्या, नाहीतर दोन्ही अर्धी एकात एक मिसळा. नाहीतर प्रत्येक अर्ध्याचं वेगळं चित्र करा, म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रांऐवजी पन्नास होतात.

आता यात चुकायला जागा किती आहे बघा!

* * *

मुलुंडच्या एक बाई त्यांच्या लग्नाची डिस्क घेऊन आल्या. मेघा गडबडीत होती, दात काढायचं सेटिंग लावायचं राहून गेलं. बाई बाकावर बसल्या. फिल्म सुरू झाली. नवरी हलली, दात. भटजी हलले, दात. करवल्या तर नुसत्या कंगव्यांची जत्रा!

मी मेघाला हाक मारणार, तोच बाई म्हणाल्या, "थांबा हो काका. आमचे सासरे बघा. एक रेघ नाही त्यांना."

खरंच! कोपऱ्यातल्या खुर्चीत फेटा घातलेले म्हातारे बसलेले, अगदी फोटोसारखे स्वच्छ.

मी म्हटलं, "जो हलतो त्यालाच रेघा येतात. न हलणाऱ्याला नाही."

"मग बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मानपानावरून सकाळीच रुसले होते. बसले ते बसले! पंगतीलासुद्धा उठले नाहीत."

मेघाने सगळं पुन्हा करून दिलं. जाताना बाईंनी विचारलं, "ती आधीची पण ठेवाल का एक कॉपी? नणंदेला दाखवायची आहे."

* * *

त्याच आठवड्यात प्रकाश आला. वरच्या चाळीतल्या नाच मंडळाचा तो म्होरक्या. जाखडीचं मंडळ. जाखडी म्हणजे गौरी-गणपतीतला कोकणातला नाच. मध्ये गाणारे आणि ढोलकी, भोवती पायात चाळ बांधून पोरं फेर धरतात. चाळ म्हणजे घुंगरांचा पट्टा.

मंडळाला नाच शिकवला धोंडूबुवांनी. प्रकाशचे चुलते. मिलमध्ये होते, मिल गेली तसे वॉचमनकी करू लागले, पण नाच सुटला नाही. त्यांचा एक फेर असा होता की तो कुणालाच जमला नाही. पोरं मागे लागली की म्हणायचे, "शिकवीन की! मी काय पळून जातोय?"

पळून नाही गेले. पण गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तोंडात एकच शब्द राहिला, "बरं." चहा पाहिजे, बरं. पंखा बंद कर, बरं. डोक्यात राख घालून घेतली तरी बरं!

यंदा गावी गौरीपुढे नाचायचा मान या मंडळाचा होता. बुवांनाही गाडीत घालून नेणार होते. आणि प्रकाशच्या मनात एकच, की बुवांच्या डोळ्यांदेखत बुवांचा फेर नाचायचा. तो फेर कुठे होता? फक्त एका डीव्हीडीत. चाळीतल्या पूजेला बुवा नाचले होते ते वसंताने शूट केलं होतं. लाइट माझा.

"नाना," प्रकाश म्हणाला, "तोंडं नाही दिसली तरी चालतील. पाय दिसले पाहिजेत. आत्ता नाही उतरवला, तर हा फेर बुवांबरोबरच जाणार."

मेघाने फिल्म करून दिली. प्रकाशने बाकावर बसून बघितली, रेघ एकही नव्हती, खूश होऊन घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन. "बुवांना दाखवली! बुवा म्हणाले, बरं!"

वसंता फोन ठेवून म्हणाला, "काल सुई टोचली तेव्हापण बरंच म्हणाले होते."

* * *

घाटकोपरचं एक जोडपं होतं. घोड्यावरून वरात. आता त्या दोन अर्ध्यांमध्ये आधी कुठलं आणि मागाहून कुठलं, हेही सांगावं लागतं. ते उलटं पडलं, की माणूस पुढे जातो, जरा मागे येतो, परत पुढे जातो. मेघाकडून ते उलटं पडलं.

टीव्हीवर घोडा मंडपाकडे निघाला. पुढे, मागे. पुढे, मागे. घोड्यावर नवरदेव, तोही पुढे, मागे. बाकावर बसलेल्या नवऱ्याचा चेहरा पडला.

"हे काय हो? घोडा असा काय करतोय?"

मेघा धावत आली. "सॉरी, सॉरी! क्रम उलटा झालाय. दहा मिनिटांत करून देते."

बायको शांतपणे चहा पीत होती. म्हणाली, "राहू दे गं. घोड्याचं काही चुकलेलं नाही. साखरपुडा झाल्यापासून यांचं असंच चाललं होतं!"

* * *

एक आजी आल्या, नात अमेरिकेत. तिच्या डोहाळजेवणाची डिस्क तिकडूनच आलेली. तिकडची चित्रं सेकंदाला तीस, आपली पंचवीस. वसंताने मेघाला विचारल्याशिवाय स्वतःच बटण दाबून तिसाची पंचवीस केली. मधली चित्रं गळली. सगळ्या बायका दर क्षणाला जराशा अडखळायला लागल्या. ओटी भरताना हात थरथर, फुगडी घालताना पाय थरथर.

आजी बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी. "थंडी किती आहे बघा तिकडे! आणि ही पोर नुसत्या साडीवर."

मेघाने वसंताकडे असं बघितलं, की तो झेरॉक्स काढायला निघून गेला. एकही झेरॉक्स काढायची नव्हती. तिने पुन्हा तिसालाच ठेवून फिल्म लावली. थरथर गेली.

आजींनी पदराने डोळे पुसले. "आता बरं वाटतंय. हीटर लावला वाटतं कुणीतरी."

* * *

विक्रोळीचे दोन साडू. दोघं मिळून आले, मेहुणीच्या लग्नाची डिस्क. या वेळी मेघाने दोन्ही अर्धी एकात एक मिसळायचं सेटिंग लावलं होतं. दात जातात, पण हलणाऱ्या वस्तूच्या जागी दोन-दोन फिकट वस्तू दिसतात. सावलीसारख्या.

पंगत आली. वाढपी मठ्ठा-जिलबी घेऊन पुढे सरकतोय. मोठे साडू एकदम उभे राहिले.

"हे बघ! हे बघ! मुलाकडच्यांच्या पानात दोन-दोन जिलब्या! मी तेव्हाच म्हणत होतो. आपल्याला एकेक आणि त्यांना दोन!"

धाकटे म्हणाले, "अहो दादा, ते फिल्ममध्ये डबल दिसतंय. वाढप्याचे पण दोन हात दिसतायत बघा, एकाच बाजूला."

"हाताचं सोड. जिलबी मोज!"

मी फिल्म थोडी पुढे घेतली. आता पंगतीच्या शेवटी स्वतः मोठे साडू जेवायला बसलेले, आणि वाढप्याने त्यांच्याही पानात जिलबी टाकली. टीव्हीवर दोन!

धाकटे हसायला लागले. "घ्या! तुम्हालापण दोन!"

मोठ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "खोटं आहे हे. मला एकच मिळाली होती. मला चांगलं आठवतंय!"

* * *

साडू गेले आणि मेघा खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली, "नाना, बुवांच्या डिस्कला पण मी हेच सेटिंग लावलं होतं."

ती हे म्हणते आहे तोच मंडळाचा ढोलकीवाला महादेव दारात. महादेव म्हणजे तोंडाचा तिखट माणूस.

"मेघाताई, तुमच्या फिल्ममध्ये आवाज दोन आणि पाय एकच कसा काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे घुंगरू वाजतात छम-छम. आणि बुवांचा पाय पडतो एकदाच. मंग दुसरा छम कोण करतोय, तुमचा झेरॉक्सवाला?"

त्याने मोबाइलवर दाखवलं. खरंच. पाय होता तिथे दोन फिकट पाय एकमेकांवर आणि मध्ये नुसता धूर. त्या धुरात काय होतं कुणास ठाऊक. पोरं इतके दिवस धूर बघून नाच शिकत होती!

मेघाने प्रकाशलाही बोलावून घेतलं. डिस्क पुन्हा घातली. या वेळी काही मिसळायचं नाही, काही टाकायचं नाही, प्रत्येक अर्ध्याचं आपलं वेगळं चित्र. सेकंदाला पन्नास. फाइल वाढली, वेळ लागला, चहा दोनदा झाला. मग तिने टीव्हीवर लावलं आणि वेग निम्मा केला.

बुवांचा पाय खाली आला. छम. धूर नाही, चाळाचं घुंगरू न् घुंगरू मोजून घ्यावं असं. आणि पाय उचलता उचलता त्यांची टाच मागच्या मागे जराशी झटकली गेली. छम.

"आयला!" प्रकाश ओरडला. "टाच! टाच आहे त्यात!"

आणि तो तिथेच, बाक आणि झेरॉक्स मशीनच्या मधल्या जागेत फेर धरायला लागला. पाय, टाच, छम-छम! पुढे काउंटरवर एक माणूस पासपोर्ट फोटोला भांग पाडून उभा होता. तो म्हणाला, "माझं नंतर केलंत तरी चालेल."

* * *

पन्नास चित्रांची गोडी लागली ना, की सगळंच त्यात बघावंसं वाटतं. वसंताला तर फार. कुणीतरी जुन्या बारशाची डिस्क आणली, तीही त्याने पन्नासने लावायला सांगितली. पण पन्नासात सगळंच दिसतं. कॅमेऱ्याचा हात हलत होता तोही दिसायला लागला. पाळणा स्थिर आणि घर हलतंय!

वसंता भडकला. "कोणी शूट केलंय हे? याला कॅमेरा हातात दिला कोणी? अशी माणसं धंद्याचं नाव घालवतात!"

गिऱ्हाईक बिचारं खाली बघत होतं. मला आठवत होतं, पण मी कशाला बोलू? फिल्म संपली. शेवटी सोनेरी अक्षरांत नाव आलं, गोल फिरत फिरत.

मेघा म्हणाली, "पप्पा, पत्ता पण आपलाच आहे."

* * *

गणपती जवळ आले. एका रविवारी दुपारी प्रकाशने आम्हा तिघांना चाळीत बोलावलं. शेवटची तालीम होती. बुवा पहिल्यांदाच पोरांचा फेर बघणार होते. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पंचा. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा.

प्रकाश माझ्या कानाशी म्हणाला, "नाना, चुकलो तर बुवा सांगणार कसं? काहीपण झालं तरी ते बरंच म्हणणार."

महादेवची ढोलकी वाजली. पोरं फिरायला लागली. आणि बुवांचा फेर आला. सगळ्यांचे पाय एकदम खाली, छम, आणि सगळ्यांच्या टाचा एकदम मागे, छम! काय सांगू, एक टाच मागे राहिली नाही. चाळीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

बुवांनी डावा हात वर केला.

ढोलकी थांबली. बुवांनी बोटाने प्रकाशला बोलावलं. प्रकाशला वाटलं आशीर्वाद. त्याने वाकून पायावर डोकं ठेवलं. बुवांनी ते बाजूला केलं, त्याच्या पायाला हात घातला आणि ओढला. प्रकाश एका पायावर उभा, दुसरा बुवांच्या मांडीवर. बुवा त्याच्या चाळाची गाठ चाचपायला लागले.

"सैल झालीय काय? थांबा बुवा, मी बांधतो."

बुवांनी त्याचा हात झटकला. एका हाताने गाठ सोडली. मग नाडीचं एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि अशी करकचून आवळली की प्रकाश "आई गं!" म्हणाला. मग त्याच्या टाचेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. नाही, नाही.

कुणाला काही कळेना. महादेव मात्र ढोलकी सोडून उठला. "मेघाताई, ती फिल्म लावा बघू. ती टाचेची."

मेघाने मोबाइलवर लावली आणि थांबवली. आम्ही सगळे वाकलो. आत्तापर्यंत सगळे टाच बघत होते, तिच्या वरचं कुणी बघितलंच नव्हतं. बुवांच्या चाळाची गाठ सुटलेली, नाडी लोंबतेय आणि पट्टा घसरून टाचेवर आलेला.

"अरे देवा," महादेव म्हणाला. "चाळ सुटला व्हता! तो वर सारायला टाच झटकली बुवांनी. त्यात फेर-बीर काय न्हाय!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकजण म्हणाला, "आणि आम्ही रात्रंदिवस टाचा झटकतोय."

वसंता हळूच म्हणाला, "मेघा, ते पंचवीसच बरं होतं गं."

कुणी हसलं नाही. प्रकाश बुवांच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"बुवा, मग काढून टाकू टाच? तुमच्यासारखा पाहिजे फेर. टाच नको ना त्यात?"

बुवांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोरांच्या पायांकडे बघितलं, एकेकाच्या, सावकाश, शेवटच्या पोरापर्यंत.

मग त्यांनी डावा हात उचलला आणि खुर्चीच्या हातावर तळवा मारला. आणि लगेच, हलकेच, एक बोट.

परत तळवा. परत बोट. छम-छम.

महादेवने ढोलकी पुढे ओढली.